झालेली की हयात?

पुण्यात जनमत गोळा करायला फारसे कष्ट पडत नाहीत, कष्ट पडतात ते नंतर ते आवरायला. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर त्या रविवारी मी नदीकाठच्या बागेत गेलोच नसतो, घरी बसून पंख्याची पाती पुसली असती. वासंती, म्हणजे आमची सौभाग्यवती, ती पाती पुसा म्हणून दिवाळीपासून सांगत होती. पण रविवारी सकाळी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक असते आणि मी संघाचा चिटणीस आहे. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाच्या वाट्याला पुढे जो काही मान येतो तो एवढाच, त्यामुळे मी बैठक चुकवत नाही.

संघाचे अध्यक्ष शरच्चंद्र. ते लेखापरीक्षणातले. निवृत्त होऊन एक तप उलटलं तरी भाजीच्या पिशवीवरसुद्धा आक्षेप काढतात. त्यांनी त्या दिवशी वर्तमानपत्रातलं एक जाहीर निवेदन मोठ्यानं वाचलं. गरीब घरात मूल झालं की त्याच्या संगोपनासाठी सरकार आईच्या खात्यात काही रक्कम जमा करतं. ती यापुढे पहिल्या दोन अपत्यांपुरतीच द्यावी असं सरकारच्या मनात आहे, तरी नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना महिनाअखेरपर्यंत पाठवाव्यात. 'हरकती व सूचना' हे शब्द कानावर पडले की शनिवार पेठेतल्या माणसाचे गुडघे दुखायचे थांबतात. सूचना आमच्याकडे तयारच असतात, मागणारा कोणी भेटत नाही एवढंच.

आमच्यापैकी एकालाही ते अनुदान मिळण्याची शक्यता उरलेली नव्हती, त्यामुळे चर्चा अत्यंत निःपक्षपातीपणे झाली. बहुतेकांचं मत मर्यादेच्या बाजूनं पडलं. माझंही तेच होतं. आम्ही कर भरला, आम्ही आटोपशीर संसार केले, मग बाकीच्यांनी का करू नयेत, असा साधारण सूर होता. निवृत्त मुख्याध्यापिका सरोजिनीबाई तेवढ्या विरोधात होत्या. मूल काय आपला नंबर बघून भुकेजतं का, असं त्यांनी विचारलं. त्यावर शरच्चंद्र म्हणाले की भावना बाजूला ठेवाव्यात आणि शंभर घरांचं जनमत घेऊन ते रीतसर सादर करावं. कोणी घ्यावं, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं अक्षर चांगलं आहे आणि माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन अजून झालेलं नाही, ही दोन कारणं दिली गेली.

प्रश्न साधा होता. सरकारी बालसाहाय्य पहिल्या दोन अपत्यांपुरतं मर्यादित असावं की नसावं? त्याच्या जोडीला, उत्तर देणाऱ्याला स्वतःला अपत्यं किती. हा शेवटचा प्रश्न शरच्चंद्रांनी घातला. ज्याला चार आहेत त्याचं मत आणि ज्याला एक आहे त्याचं मत एका तराजूत घालता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढचं सगळं रामायण त्या प्रश्नातून घडलं.

सुरुवात आमच्याच गल्लीतून केली. पहिल्या घरच्या गृहस्थांनी जाळीच्या दारामागे उभं राहून प्रश्न ऐकला, त्यातल्या शब्दांचा क्रम बदलून दिला आणि मर्यादा हवीच असं ठणकावलं. ते स्वतः आठ भावंडांतले सहावे. मी आदरानं तशी आठवण करून दिली तर म्हणाले, "तेव्हा सरकार इंग्रजांचं होतं," आणि जाळीमागचं लाकडी दारही लावून घेतलं. दुसरीकडे एका बाईंनी सांगितलं की ज्यांना मुलंच नाहीत त्यांना अनुदान द्यावं, कारण ते दुपारी झोपू देतात. तिसऱ्या घरी मत मिळालं नाही, पण जिन्यात चपला कशा काढाव्यात याविषयी मार्गदर्शन मिळालं.

तरुण पिढीचं मत असावं म्हणून मी आमच्या हेमाला सांगितलं. हेमा आमची मुलगी, खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिनं प्रश्न ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. 'थर्ड चाइल्ड? आधी फर्स्टची अ‍ॅडमिशन तर होऊ दे' अशा अर्थाची बरीच उत्तरं आली. एकानं विचारलं की डॉग धरला तर चालेल का. मी हेमाला म्हटलं की ही उत्तरं मला कोणत्या रकान्यात घालता येतील ते सांग, तर ती म्हणाली, "बाबा, चिल."

आता राहिले पूर्वीचे गाववाले. हेमाच्याच सोसायटीमागे आप्पासाहेबांचं घर आहे. सोसायटी उभी राहिली ती त्यांच्या ज्वारीच्या रानात. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, प्रश्न शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "जमीन धरली, रस्त्याला धरली, आता पोरं बी धरनार व्हय?" मी समजावू लागलो तोवर त्यांच्या वृद्ध मातोश्री सरुबाई बाहेर आल्या. लेकरं किती, एवढाच प्रश्न त्यांनी ऐकला होता. "लेकरं मोजू न्हाईत, बाबा," त्या म्हणाल्या. "मोजली की कमी हुत्यात." सुशिक्षित माणसाप्रमाणे मी मनातल्या मनात हसलो आणि रकाना रिकामा ठेवला.

पण त्या रिकाम्या रकान्यानं माझा घात केला. म्हाताऱ्या आईला पोरांचा आकडा विचारणारा माणूस येऊन गेला, ही बातमी माझ्या आधी पुढच्या आळीत पोचली. सरुबाईंच्या पिढीला आकडे विचारत फिरणाऱ्या माणसांचा पूर्वीचा अनुभव आहे. हा नसबंदीच्या ऑपरेशनवाला आहे, असं ठरलं. तीन घरांत पुरुषमंडळी मागच्या दारानं गेली आणि चौथ्या घरी एका पैलवानानं मला अगदी सभ्यपणे, दंडाला धरून, रिक्षात नेऊन बसवलं. येरवड्यात नेमकं उलट झालं. तिथे मी अनुदानाची नावं लिहून घेतोय अशी हूल उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या इमारतीच्या जिन्यात कडेवर मुलं आणि हातात आधार कार्डाच्या झेरॉक्स घेतलेल्या बायका बसलेल्या होत्या. मी प्रत्येकीला हात जोडून सांगत होतो की मी मत घेतो, नाव घेत नाही. त्या म्हणत, मत घ्या, पण नाव पण घ्या.

संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या चेअरमननी खाली फळ्यावर पाटी लिहिली: 'या इमारतीत अनुदान मिळत नाही. यज्ञेश्वर यांच्याकडे चौकशी करू नये. त्यांनाही काही माहीत नाही.' पस्तीस वर्षं शासनसेवा केलेल्या माणसाविषयी हे वाक्य आठ दिवस फळ्यावर होतं. वासंतीला ती पाटी वाचून हसू आलं, ते तिनं पदरानं झाकलं असं तिला वाटलं.

त्या पाटीखालीच प्रेमलाचं इस्त्रीचं टेबल असतं. नवरा मच्छिंद्र रिक्षा चालवतो, ही आमच्या पार्किंगमध्ये इस्त्री करते. तिला आठवा महिना लागला होता. पाटी वाचूनही तिनं मला थांबवलं. इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाली, "काका, माझं धरत्याल का?"

मी म्हटलं, किती आहेत.

"मोठी साळंत जाती. मधला पोरगा न्हाई राह्यला, तापात गेला. हे पोटातलं. मग हे दुसरं का तिसरं?" तिनं अगदी खालच्या आवाजात विचारलं. अंगणवाडीत तिला सांगितलं होतं की मर्यादा आली तर झालेली सगळी मोजतील आणि हिचं तिसरं ठरेल. तसं झालं तर काही मिळायचं नाही. बाळंतपणानंतर दोन महिने टेबल बंद राहणार, त्या दिवसांची तिची सगळी भिस्त त्या रकमेवर होती. सरकारी नोकरीत मी हजारो प्रश्नांना जे उत्तर दिलं तेच दिलं, विचारून सांगतो म्हटलं. ती म्हणाली, विचारा बरं का, आणि पुन्हा इस्त्री उचलली.

विचारायचं कोणाला, तर आमच्याच संघाला, कारण सूचना आम्ही करणार होतो. म्हणून पुढची बैठक मी आमच्या घरी बोलावली. जनमत मी मांडलं. शंभर घरं गाठायची होती, जेमतेम निम्मी झाली, पण कौल मर्यादेच्या बाजूनं स्पष्ट होता. मग मी उपप्रश्न काढला: दोनची मर्यादा घालायची तर अपत्यं झालेली मोजायची की हयात?

निवृत्त सरकारी नोकरांच्या मेळाव्यात असा प्रश्न टाकणं म्हणजे मुंग्यांपुढे गूळ ठेवणं. शरच्चंद्र म्हणाले की शब्द 'अपत्य' असा आहे, झालं ते झालं. मी म्हटलं की रजेच्या नियमांत 'हयात' असा स्पष्ट उल्लेख असतो. त्यावर रजेचे नियम अनुदानाला लावता येतील का, यावर दोन तट पडले. एका सभासदानं मुद्दा काढला की हयात धरली तर दाखला लागेल, तोही मूळ प्रत. दुसऱ्यानं विचारलं की पहिला हप्ता उचलल्यावर मूल गेलं तर वसुली कोणाकडून करायची. हा मुद्दा सगळ्यांना फार मार्मिक वाटला. सरोजिनीबाई मात्र उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मी मुद्दा लिहून घेत होतो, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांनी मला कचेरीत बसल्यासारखं छान वाटत होतं.

तेवढ्यात वासंती कॉफीचा ट्रे घेऊन आली. ट्रे तिनं टेबलावर ठेवला, पण कप कोणाला दिले नाहीत.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "आम्हाला दोन झाली. पहिला मुलगा नवव्या दिवशी गेला. हेमा त्यानंतरची. माझी तुम्ही किती धराल?"

संघातल्या कोणालाही हे माहीत नव्हतं. आमच्या घरातही तो विषय कधी निघत नसे. निघत नसे म्हणजे मी काढला नाही म्हणून तिनं काढला नाही, आणि तिनं काढला नाही म्हणून मी काढला नाही, असा तो आपोआप मागे पडत गेला होता. शरच्चंद्र माझ्याकडे बघत होते आणि मी कॉफीकडे.

"त्याला धरलात," वासंती पुढे म्हणाली, "तर खाली प्रेमलाचा गेलेलाही धरावा लागेल, आणि तिच्या पोटातल्याला काही मिळणार नाही. नाही धरलात, तर तो झालाच नाही असं तुम्ही कागदावर लिहून देणार. मला दोन्ही चालणार नाही. तुम्ही सगळे सरकारी कामात मुरलेले आहात, दोन्ही जमेल असं काहीतरी लिहा." मग तिनं ट्रेमधला एक कप सरोजिनीबाईंना खिडकीपाशी नेऊन दिला आणि ती आत गेली.

सभासदांनी उठून आपापले कप स्वतः घेतले. आमच्या संघाच्या इतिहासात असं यापूर्वी झालेलं नाही. शेवटी शरच्चंद्रांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाले, "आक्षेप मान्य." मग त्यांनी मला सूचना सांगितली ती अशी: अपत्ये मोजून साहाय्य देऊ नये. जे मूल समोर आहे त्याला द्यावे. जे राहिले नाही त्याची नोंद ठेवावी, वजावट करू नये. कोणीतरी हळूच विचारलं की जनमत तर उलट आहे, त्याचं काय. शरच्चंद्र म्हणाले, जनमत जसंच्या तसं जोडा, त्यात फेरफार करायचा नाही. ते लोकांचं मत आहे आणि हे आपलं. मर्यादेचा सगळ्यात कडवा पुरस्कर्ता तोच माणूस होता. खाली पहिली सही त्यानं केली, आणि गार झालेली कॉफी सगळ्यांनी संपवली.

मंडळी गेल्यावर मी स्टूल काढलं आणि पंख्याची पाती पुसायला घेतली. वासंती येऊन स्टूल धरून उभी राहिली. वसुलीचा तो मुद्दा मी किती सुवाच्य अक्षरात लिहून घेतला होता, ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तिला काहीतरी म्हणावं असं फार वाटत होतं. मी म्हटलं, डाव्या पात्याला जळमट आहे. ती म्हणाली, दिसतंय.

पुढचं आधीच सांगून टाकतो. सरकारचा निर्णय अजून झालेला नाही. आमची सूचना विचाराधीन आहे, आणि हा शब्द मी स्वतः इतकी वर्षं वापरला आहे की मला त्यावरून कोणाला बोलता येत नाही. प्रेमलाला मुलगी झाली. निर्णय होईपर्यंत जुनाच नियम चालू असल्यामुळे तिचं नाव यादीत धरलं गेलं. पुढच्या बाईचं काय होईल ते तेव्हा कळेल. बारशाला आम्ही दोघं गेलो होतो. मच्छिंद्रच्या बहिणीनं बाळाच्या कानात नाव सांगितलं तेव्हा वासंती पाळण्याच्या दोरीला हात लावून उभी होती.

पण सूचना द्यायला गेलो तो दिवस सांगायचा राहिला. शेवटची तारीख होती, खिडकीपुढे मोठी रांग होती, आणि पुणेकर रांगेत उभा राहिला की तो पुढच्याला सूचना देतो, त्यामुळे वेळ कसा गेला कळलं नाही. खिडकीमागच्या कारकुनानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि सूचना कोणाची असं विचारलं. संघाची, मी म्हटलं.

"संघाला मुलं नसतात," तो म्हणाला. "कागद देणाऱ्याची माहिती लागेल. अपत्यं?"

तोंडात 'एक' आलं होतं. इतक्या वर्षांची सवय. रेशनकार्ड, पेन्शन, सगळीकडे तेच सांगत आलो होतो.

"दोन," मी म्हटलं.

"नावं?"

हेमाचं सांगितलं, त्यानं लिहिलं. "दुसरं?"

आता आमच्याकडे नाव बाराव्या दिवशी ठेवतात. आत्यानं ते आधी बाळाच्या कानात सांगायचं आणि मग चारचौघांत, तोवर कोणी उच्चारायचं नाही. वासंतीनं आणि माझ्या बहिणीनं मिळून नाव ठरवलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं, बारशालाच ऐका म्हणाल्या होत्या. बारसं झालं नाही. बहीणही आता नाही. कारकून पेन धरून थांबला होता, आणि मागून कोणीतरी म्हणालं, आजोबा, मुलांची नावं पाठ करून येत जा. मी फोन काढला.

"वासंती, मी कचेरीत आहे," मी म्हटलं. "त्याचं नाव काय ठेवणार होतीस?"

कोणाचं, असं तिनं विचारलं नाही. तिकडे कुकरची शिट्टी होत होती, मग गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"अनंत," ती म्हणाली.

मी ते नाव पहिल्यांदाच ऐकलं. माझा कान फोनला घट्ट लावलेला होता आणि डोळ्यांपुढे खिडकीचे गज हलायला लागले.

"कशाला हवंय?" तिनं विचारलं.

"इथे लिहायचं आहे."

ती म्हणाली, "लिहिणाऱ्याचं अक्षर कसं आहे?"

मी गजांतून वाकून पाहिलं. हेमाच्या नावाचा त्यानं पार कचरा केला होता.

"बेताचंच आहे," मी म्हटलं.

"मग तुम्ही लिहा," ती म्हणाली. "सावकाश लिहा."

मी कारकुनाला तसं सांगितलं. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या रांगेकडे, आणि कागद माझ्या बाजूला फिरवून पेन पुढे केलं.